एका किडीचा माइंड मॅप : गुलाबी बोंडअळीचा सल्ला हंगामाच्या ओघात कसा आखावा?

गुलाबी बोंडअळीवर सांगण्यासारखे काही उरलेले नाही, असे कुणालाही वाटेल. केंद्रीय कापूस संशोधन संस्था, कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे, कृषी विभाग या सर्वांनी त्यावर भरपूर लिहिले आहे. कामगंध सापळे, डोमकळी, फरदड हे शब्द आता गावागावांत माहीत आहेत. तरीही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, बोंडात अळी निघाली, कोणतं औषध मारू?" आणि त्या वेळेपर्यंत अळी बोंडात शिरलेली असते, तिने शिरलेले छिद्र बुजलेले असते आणि बाहेरून मारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही.

माहिती आहे, पण ती सुटी सुटी आहे आणि चुकीच्या दिवशी हातात पडते. ही अडचण औषधाने सुटत नाही, आखणीने सुटते. त्यासाठी माइंड मॅप, म्हणजे विचारांचा नकाशा, हे साधे साधन उपयोगी पडते. मोठा पाठकोरा कागद, पेन्सिल आणि तासभर वेळ एवढेच लागते. कृषी सहायक, शेतकरी गटाचे प्रमुख, उत्पादक कंपनीचे कर्मचारी यांना यातून हंगामभराचे लेख, भित्तिपत्रके आणि बैठकींचे विषय आखता येतात. शेतकऱ्याला हाच कागद घरातल्या भिंतीवर लावून वापरता येतो.

माइंड मॅप म्हणजे काय?

इंग्लंडमधील टोनी बुझान यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली. कागद आडवा धरायचा, मधोमध मुख्य विषय लिहायचा आणि त्यातून चारी बाजूंना फांद्या काढायच्या. प्रत्येक फांदीवर एक उपविषय, आणि त्या फांदीला फुटलेल्या डहाळ्यांवर त्यातले बारकावे. वाक्ये लिहायची नाहीत, दोन-तीन शब्द पुरेत. यादीपेक्षा याचा फायदा असा की यादीत विसाव्या क्रमांकावर असलेल्या गोष्टीचा दुसऱ्या क्रमांकाच्या गोष्टीशी असलेला संबंध दिसत नाही. नकाशात तो रेघ ओढून दाखवता येतो. कीड व्यवस्थापनात नेमके हे संबंधच महत्त्वाचे असतात.

संगणकावर फ्रीमाइंडसारखी मोफत साधने आहेत, पण सुरुवात कागदावरच करावी. खोडाखोड झालेला कागद चार जणांच्या बैठकीत मध्ये ठेवता येतो आणि ज्याला काही सुचेल तो पेन्सिल उचलतो. संगणकावर एकच माणूस काम करतो आणि बाकीचे बघत बसतात.

मध्यभागी काय लिहायचे?

बहुतेक जण मधोमध "कापूस" लिहितात. हा विषय फार मोठा आहे. बियाण्यापासून भावापर्यंत सगळे त्यात येते, फांद्या पंधरा होतात आणि एकही धड भरत नाही. "बोंडअळीची ओळख" लिहिले तर विषय फार लहान होतो. आपल्या उदाहरणासाठी मध्यभागी असे लिहू : "गुलाबी बोंडअळी : पेरणीपासून पऱ्हाटी काढेपर्यंत". यात कीडही आली आणि काळही आला. या किडीच्या बाबतीत काळाला फार महत्त्व आहे.

कारण थोडक्यात लक्षात घ्या. भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुके असलेले बीजी-२ वाण आले. पुढे गुलाबी बोंडअळीने आधी एका आणि मग दोन्ही प्रथिनांविरुद्ध प्रतिकारक्षमता मिळवली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशीला याचा मोठा फटका बसला. अंडी ३ ते ६ दिवसांत उबतात, लहान अळी थोड्याच वेळात पात्या, फुले किंवा कोवळ्या बोंडात शिरते. पूर्ण जीवनक्रम हवामानानुसार साधारण ३ ते ६ आठवड्यांचा असतो. म्हणजे अळी उघड्यावर सापडण्याची संधी अगदी थोडी. पुढे हंगाम संपला की हीच अळी सरकीत, किडक्या बोंडात, पऱ्हाट्यांत सुप्तावस्थेत जाते आणि पुढच्या पावसाळ्याची वाट पाहते. पतंग आणि अंडी ही गाठायची एक वेळ, सुप्त अळी ही दुसरी वेळ. नकाशाच्या सर्व फांद्या या दोन वेळांभोवती फिरतात.

फांद्या शेतकऱ्याच्या प्रश्नांतून काढा

पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून फांद्या काढल्या तर ओळख, जीवनक्रम, नुकसानीचा प्रकार, नियंत्रण अशी नेहमीची चौकट तयार होते. तसे करू नका. मागच्या हंगामात तुम्हाला फोनवर, पारावर, कृषी केंद्राच्या दुकानात विचारलेले प्रश्न आधी कागदाच्या कडेला जसेच्या तसे लिहा. उदाहरणार्थ :

"पाणी आहे, मे महिन्यातच लावू का?"
"सापळ्यात पतंग पडतायत, फवारायचं का?"
"फूल मिटलेलंच राहतंय, हे काय?"
"दोन औषधं एकत्र केली तर चालतील का?"
"जानेवारीत भाव वाढतो म्हणतात, एक पाणी देऊन ठेवू का?"

आता सारखे प्रश्न एका फांदीवर आणा. या किडीसाठी साधारण सात फांद्या तयार होतात : बियाणे आणि लागवडीची वेळ, शेतातील पाहणी, मित्रकीटक आणि निंबोळी अर्क, रासायनिक फवारणी, फवारणाऱ्याची सुरक्षितता, वेचणी व साठवण, आणि हंगाम संपवणे. तुमच्या गावात सहा किंवा आठ होतील. संख्या महत्त्वाची नाही. एखाद्या फांदीवर एकही प्रश्न आला नसेल, तर ती फांदी तुमच्या मनातली आहे, शेतकऱ्याच्या नाही. मात्र सुरक्षिततेच्या फांदीबाबत उलटे समजा. त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही, आणि म्हणूनच ती हवी.

पाहणीच्या फांदीवर जास्त वेळ द्या

सातही फांद्या सारख्या भरण्याची गरज नाही. पाहणीची फांदी सर्वांत जाड झाली पाहिजे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. तिच्या तीन डहाळ्या होतात.

पहिली, कामगंध सापळे. निरीक्षणासाठी हेक्टरी ५, म्हणजे एकरी २ सापळे लागवडीनंतर साधारण ४५ दिवसांनी लावावेत. ल्यूर किती दिवसांनी बदलायची ते पाकिटावर दिलेले असते, ती तारीख सापळ्याच्या काठीवरच लिहून ठेवावी. सलग ३ रात्री प्रति सापळा ८ किंवा त्याहून अधिक पतंग आढळले तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे समजावे. अनेक शेतांत सापळे लावलेले दिसतात, पण पतंग कुणी मोजत नाही. न मोजलेला सापळा शेतात असून नसल्यासारखा. म्हणून या डहाळीवर "कोण मोजणार? कधी लिहिणार?" हे दोन शब्दप्रयोग जरूर लिहा.

दुसरी, डोमकळी. अळी असलेल्या फुलाच्या पाकळ्या नीट उमलत नाहीत, त्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या दिसतात. अशी फुले तोडून आतल्या अळीसह नष्ट करावीत. फुलांचा काळ सुरू झाल्यावर हे काम आठवड्याला करायचे आहे. प्रादुर्भावग्रस्त फुलांचे प्रमाण १० टक्क्यांवर गेले तर उपाय तातडीने करावा लागतो.

तिसरी, हिरवी बोंडे. एका एकरातून वेगवेगळ्या २० झाडांवरून प्रत्येकी एक मध्यम वाढीचे हिरवे बोंड तोडावे. एकाच कडेची झाडे घेऊ नयेत, शेतात आडवे-उभे फिरावे. बोंडे फोडून आतल्या पडद्यांवर छिद्रे आहेत का, जिवंत अळी आहे का, ते पाहावे. २० पैकी २ बोंडांत अळी आढळली म्हणजे १० टक्के, आणि ही फवारणीची पातळी आहे. बाहेरून बोंड चांगले दिसले तरी फोडल्याशिवाय निदान करू नये. इतर बोंडअळ्यांप्रमाणे या अळीची विष्ठा किंवा मोठे छिद्र बाहेर दिसत नाही.

तारखा कशा टाकायच्या?

आता प्रत्येक डहाळीवर वेळ लिहा. येथे दोन घड्याळे चालतात. एक पिकाचे आणि एक किडीचे. पिकाचे घड्याळ लागवडीपासून मोजायचे. २० जूनला लागवड झाली असेल तर ४५ वा दिवस ४ ऑगस्टला येतो. ५ जुलैला झाली असेल तर १९ ऑगस्टला. एकाच गावात पंधरा दिवसांचा फरक पडतो. "ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सापळे लावा" हा सरसकट संदेश त्यामुळे निम्म्या शेतांसाठी चुकतो. संदेशात "लागवडीनंतर ४५ दिवसांनी" असे लिहा आणि सोबत दोन उदाहरणे द्या. किडीचे घड्याळ मात्र सापळ्यातल्या आकड्यावरून वाचायचे, दिनदर्शिकेवरून नाही.

तारखा टाकल्यावर एक गोष्ट उघड होते. जे विषय आपण उशिरा मांडतो ते आधी मांडायचे असतात. "फरदड घेऊ नका" हे सहसा जानेवारीत सांगितले जाते. तोपर्यंत शेतकऱ्याने पाणी देऊन नवी फूट काढलेली असते, खर्च झालेला असतो, मग त्याने ती मोडायची कशी? हा विषय नोव्हेंबरमध्येच घ्यावा, आणि "काय करू नका" यासोबत "त्याऐवजी काय" हेही त्यात असावे. पाणी असेल तर हरभरा किंवा गहू बसतो का, कोणत्या तारखेपर्यंत पेरता येईल, कपाशी कधी मोकळी करावी लागेल. या डहाळ्या न काढता नुसती फरदडीची मनाई लिहिली तर शेतकरी ती वाचतो आणि बाजूला ठेवतो. त्याच्यासमोर उभ्या पिकातले चार क्विंटल असतात, सल्ल्यात काहीच नसते.

तसेच पूर्वहंगामी लागवडीचे. मे महिन्यात लावलेल्या कपाशीला लवकर पात्या-फुले लागतात आणि सुप्तावस्थेतून बाहेर पडलेल्या पतंगांना अंडी घालायला आयती जागा मिळते. पुरेसा पाऊस झाल्यावर, साधारण ७५ ते १०० मिलिमीटरनंतर, सगळ्यांनी थोड्या दिवसांच्या अंतराने लागवड केली तर पहिल्या पतंगांना खाद्य मिळत नाही. हा लेख जूनमध्ये छापून उपयोग नाही. ठिबक असलेला शेतकरी निर्णय एप्रिलमध्येच घेतो.

तिरप्या रेघा : फांद्यांमधील संबंध

फांद्या भरल्या की वेगळ्या रंगाची पेन्सिल घ्या आणि एकमेकांवर परिणाम करणाऱ्या डहाळ्या जोडा. नकाशाची खरी कमाई येथे आहे.

ट्रायकोकार्ड आणि रासायनिक फवारणी जोडा. ट्रायकोग्रामा हा परोपजीवी मित्रकीटक बोंडअळीच्या अंड्यांवर उपजीविका करतो. कार्ड लावल्यावर लगेच रासायनिक औषध मारले तर पैसे आणि मित्रकीटक दोन्ही वाया जातात. म्हणजे या दोन विषयांवर दोन वेगळे संदेश एकाच आठवड्यात जाता कामा नयेत.

सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे आणि पांढरी माशी जोडा. हंगामाच्या सुरुवातीला ही औषधे वापरली की मित्रकीटक कमी होतात आणि पांढरी माशी उसळते. ही रेघ आपल्या नकाशाबाहेर, रसशोषक किडींच्या नकाशाकडे जाते. तिला कागदाच्या कडेपर्यंत नेऊन बाण करा. पुढे त्या विषयाचा नकाशा काढाल तेव्हा तिथून परत याच बाणाने येता येईल.

वेचणी आणि पुढचा हंगाम जोडा. किडका, कवडी कापूस वेगळा वेचावा, चांगल्या कापसात मिसळू नये. भाव पाडून घ्यायचा नाही म्हणून तर हे कराच, पण घरात महिनोन् महिने साठवलेल्या किडक्या कापसातून पतंग बाहेर पडतात हेही कारण आहे. जिनिंग कारखान्यांच्या परिसरातही म्हणूनच सापळे लावायला सांगितले जाते. बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांची गंजी हीसुद्धा याच रेघेवर येते. सरपणासाठी ती ठेवली जाते हे खरे आहे. मग किडकी बोंडे काढून घेतल्याशिवाय ठेवू नये, आणि मृगाच्या आधी ती संपलेली असावी, इतके तरी सांगावे.

कोणत्या फांदीचा लेख होतो, कोणती टिपणात बसते?

नकाशा पूर्ण झाला की लेखन सोपे होते. मध्यभागाचा एक मुख्य लेख करावा. त्यात सगळा हंगाम थोडक्यात सांगावा आणि प्रत्येक टप्प्यावर कोणता उपलेख पाहायचा ते लिहावे. ज्या फांदीला चार-पाच डहाळ्या आल्या तिचा स्वतंत्र लेख. ज्या फांदीला एकच डहाळी आली ती शेजारच्या फांदीत घालावी, ओढूनताणून लेख करू नये. बियाण्यातील बिगर-बीटी म्हणजे रेफ्युजी बियाण्यांचा विषय महत्त्वाचा आहे, पण बियाणे-लागवडीच्या लेखात एका परिच्छेदात तो बसतो.

आणखी एक नियम पाळावा : प्रत्येक आकड्याचे एकच घर असावे. सलग ३ रात्री ८ पतंग हा आकडा फक्त पाहणीच्या लेखात असावा. बाकीच्या लेखांनी तिकडे बोट दाखवावे. एकाच गावात एका पत्रकावर ८ पतंग, दुसऱ्यावर ५ आणि तिसऱ्यावर "भरपूर पतंग" असे छापलेले असेल तर शेतकरी शेजाऱ्याला विचारून फवारतो. शिवाय शिफारस बदलली की एकाच ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. ५ टक्के निंबोळी अर्काचे प्रमाणही (५ किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून एकूण १०० लिटर पाणी) असेच एका घरात ठेवावे.

रासायनिक औषधांच्या बाबतीत तर जास्तच काळजी घ्यावी. लेखात नाव देण्यापूर्वी त्या औषधाच्या लेबलवर कपाशी आणि गुलाबी बोंडअळी दोन्हींची नोंद आहे का ते तपासावे आणि मात्रा लेबलवरून घ्यावी, मागच्या वर्षीच्या पत्रकावरून नाही.

सुरक्षिततेची फांदी वेगळी का?

बहुतेक पत्रकांत सुरक्षितता शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरांत असते. २०१७ च्या त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे मृत्यू झाले. त्यानंतर तरी ही ओळ फांदी व्हायला हवी होती.

या फांदीचा वाचक वेगळा आहे. अनेक ठिकाणी शेतमालक पत्रक वाचतो आणि फवारणी मजूर करतो. म्हणून हा मजकूर मजुरासाठी, मोठ्या अक्षरांत, शक्यतो चित्रांसह करावा आणि कृषी केंद्राच्या दारात लावावा. डहाळ्या अशा : डोक्याच्या उंचीला आलेल्या कपाशीत फवारा अंगावर आणि तोंडावर येतो, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, उपाशीपोटी फवारू नये, शिफारस नसताना दोन-तीन औषधे, खते, टॉनिक एकत्र करू नयेत, हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत, नोझल तोंडाने फुंकून साफ करू नये, मळमळ, गरगरणे, धूसर दिसणे सुरू झाले तर काम तिथेच थांबवून रुग्णाला औषधाच्या डब्यासह दवाखान्यात न्यावे. डबा किंवा लेबल डॉक्टरांना दाखवणे फार महत्त्वाचे आहे, उपचार कोणत्या गटाचे विष आहे त्यावर ठरतो. रेघ ओढून ही फांदी रासायनिक फवारणीला जोडा आणि ठरवा की फवारणीवरचा कोणताही संदेश हिच्याशिवाय जाणार नाही.

इतर पिकांचे नकाशे याच आकाराचे नसतील

हा नकाशा जसाच्या तसा दुसऱ्या पिकाला लावू नका. सोयाबीनवरील पिवळ्या मोझॅकचा नकाशा काढला तर मध्यभागी रोग असला तरी सर्वांत जाड फांदी पांढऱ्या माशीची होईल, कारण रोग तीच पसरवते. कांदा साठवणुकीचा नकाशा काढाल तर अर्ध्या फांद्या काढणीच्या आधी जातील : नत्राचा हप्ता उशिरा दिला का, पाणी कधी तोडले, मान पडल्यावर काढला की घाईने. चाळीची रचना ही त्यातली एकच फांदी असेल.

शेतकऱ्याने हा कागद कसा वापरावा?

तुम्ही लेख लिहिणार नसाल तरी नकाशा तुमच्या कामाचा आहे. सात फांद्यांपैकी तुमच्या शेताला लागू नसलेल्या खोडून टाका. कोरडवाहू असाल तर पूर्वहंगामी लागवडीची डहाळी गेली. उरलेल्या डहाळ्यांवर आपल्या लागवडीच्या तारखेपासून दिवस मोजून तारखा लिहा. पाहणीच्या फांदीशेजारी रकाने आखून दर आठवड्याला सापळ्यातील पतंग, डोमकळ्या आणि २० बोंडांपैकी किडकी किती, हे तीन आकडे लिहा. घरातले शाळेत जाणारे मूल हे लिहिण्याचे काम आनंदाने करते.

शेजारच्या शेतकऱ्यांनीही असेच आकडे लिहिले तर ते एकमेकांशी ताडून पाहा. पतंगाला बांध अडवत नाही. एकाच्या सापळ्यात ३ आणि शेजाऱ्याच्या सापळ्यात ११ असतील तर फवारणीपूर्वी दोघांनी मिळून बोंडे फोडून पाहावीत.

डिसेंबरअखेर ते जानेवारीत कपाशी मोकळी केल्यावर कागद फेकू नका. ज्या डहाळीवर काम झाले नाही तिच्याभोवती लाल गोल करा आणि का झाले नाही ते दोन शब्दांत लिहा : मजूर मिळाला नाही, ल्यूर दुकानात नव्हती, पाऊस होता. हे कागद मार्च-एप्रिलच्या बैठकीत कृषी सहायकाकडे द्या. पाच शेतकऱ्यांच्या कागदांवर ल्यूरपाशी लाल गोल असेल, तर पुढच्या हंगामात गटाने जुलैमध्येच ल्यूर एकत्र मागवायची आहे.